निम्म्यात सांग

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा डोंगरांत वाघ होते, नद्यांवर पूल नव्हते आणि प्रत्येक राजाला वाटायचं, की आपलंच राज्य जगाच्या मधोमध आहे. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त कान देऊन ऐका.

अशाच एका राज्याच्या राजधानीत एक कचेरी होती. लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी राजाच्या पूर्वजांनी ती बांधली होती. कुणी कुणाचा बांध कोरला, कुणाची म्हैस कुणी बांधून ठेवली, कुठल्या जावयाने सासऱ्याचं घर बळकावलं, सगळं तिथे यायचं. आत उंच बैठकीवर थोरले कारभारी बसायचे. त्यांच्या भुवया पांढऱ्या आणि जाड होत्या. त्या कधी हललेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या.

कचेरीला रस्त्याच्या बाजूने एक खिडकी होती. गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस आधी त्या खिडकीशी यायचा. खिडकीत एक मुलगी बसायची. माणसाचं बोलणं ऐकून घ्यायचं, आत जायचं आणि ते थोरल्यांपुढे थोडक्यात मांडायचं, एवढंच तिचं काम.

एवढंच. पण ज्याचं काही बिनसलंय, तो माणूस सरळ बोलतो कुठे?

एकदा एक म्हातारी काठी टेकत खिडकीशी आली.

"काय झालं, आजी?" मुलीने विचारलं.

"काय सांगू, बाय माझी. माझ्या नणंदेचं लग्न ठरलं ना, तिथनंच सगळं सुरू झालं."

"कधी ठरलं लग्न?"

"अगं, आता तिला नातसुना आल्या!"

मुलगी हसली नाही. तिने गाल हातावर टेकवला आणि ती ऐकत राहिली. नणंदेच्या लग्नात आलेली शेळी, त्या शेळीची करडं, त्या करडांची करडं, मध्येच शेजारणीची सून, एक पडलेली भिंत, पाटलाचा कुत्रा आणि पुन्हा नणंद. ऊन खिडकीच्या एका गजावरून दुसऱ्या गजावर सरकलं. मुलगी अधूनमधून एखादा प्रश्न विचारायची, जणू गुंत्यातलं एखादं टोक चिमटीत धरून ओढायची. शेवटी ती उठली आणि आत गेली.

"थोरले, खालच्या वाडीतल्या एका आजींचं गाऱ्हाणं आहे. त्यांच्या आणि शेजाऱ्याच्या अंगणामधली भिंत पडली. शेजारी ती पुन्हा बांधू देत नाही. आजींच्या शेळ्या चरत चरत त्याच्या अंगणात जातात आणि तो म्हणतो, माझ्या अंगणात आली ती शेळी माझी. असं करत करत त्याने सगळ्याच ठेवून घेतल्यात. आजी एकट्या आहेत, पोट त्यावरच आहे, आणि शेजारणीची सूनसुद्धा म्हणते..."

थोरल्यांनी हात वर केला.

"पुन्हा सांग. निम्म्यात सांग."

मुलीने क्षणभर विचार केला.

"शेजारी भिंत बांधू देत नाही आणि पडक्या भिंतीवरून आलेली शेळी आपली म्हणतो."

थोरल्यांनी लगेच हुकूम दिला. भिंत उभी राहिली. शेळ्या आपल्या दारात परत आल्या.

आणि मुलीला थोरले काय म्हणाले?

"पुढचं," म्हणाले.

त्या कचेरीत कुणी कुणाचं कौतुक करायचं नाही, असा रिवाज होता. थोरल्यांना त्यांच्या थोरल्यांनी सांगितलं होतं, की शाबासकी दिली की माणूस सैल पडतो. त्यांना त्यांच्या थोरल्यांनी सांगितलं होतं. पहिल्या थोरल्यांनी हे कशावरून ठरवलं, ते कुणी विचारलं नाही. मोठ्यांचे पुष्कळ रिवाज असेच टिकतात, विचारायचं राहून जातं म्हणून.

त्यामुळे तिथे चांगलं काम केलं, की आणखी काम मिळायचं. मुलीच्या खिडकीसमोरची रांग दिवसेंदिवस लांब होत गेली. शेजारच्या खिडकीत एक कारकून बसायचा. सगळे त्याला जांभईदादा म्हणायचे. त्याची रांगही हळूहळू हिच्याच खिडकीकडे वळली. संध्याकाळी घरी जाताना तिचा घसा बसलेला असायचा.

"दादा," ती एकदा म्हणाली, "थोरले कधी 'बरं मांडलंस' एवढंसुद्धा म्हणत नाहीत हो."

जांभईदादाने आधी हातातली जांभई पुरी केली. "शिव्या पडतात का तुला?"

"नाही."

"मग तेच कौतुक समज."

"या भिंतीलाही शिव्या पडत नाहीत. म्हणजे भिंतीचंही कौतुकच चाललंय का?"

"तू फार बोलतेस," असं म्हणून जांभईदादाने डोळे मिटले.

मुलीला पगडी नको होती, उंच बैठक नको होती. तिला एक शब्द हवा होता. आपण जे करतो ते कुणाच्या उपयोगी पडतं की नाही, एवढंच तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

मग राजाने आरसेमहाल बांधायला घेतला. भिंतींना आरसे, छताला आरसे, जिन्याच्या पायऱ्यांनाही आरसे. जिकडे बघावं तिकडे राजाच राजा. महाल पुरा झाला आणि खजिना रिता झाला. तेव्हा राजाने हुकूम काढला, "कचेरी निम्मी करा."

ज्याला कामावरून कमी करायचं, त्याच्या हातात एक नारळ द्यायचा, अशी त्या राज्याची पद्धत होती. सकाळी थोरले बैठकीवर बसले. समोर नारळांची टोपली होती. सगळे कारकून भिंतीला टेकून उभे राहिले. थोरल्यांनी सर्वांत आधी हाक मारली, ती खिडकीतल्या मुलीला.

तिने नारळ हातात घेतला. तो तिला वाटला होता त्याहून जड होता.

"थोरले, माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग मीच का?"

थोरले खिडकीबाहेर बघत राहिले. मग टोपलीतला दुसरा नारळ उचलत म्हणाले, "पुढचं."

जांभईदादाला ठेवलं. ज्याच्यासमोर रांगच नव्हती त्याला ठेवलं आणि जिच्यासमोर वेशीपर्यंत रांग होती तिला काढलं. मुलगी कचेरीच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली होती. आपण कसल्याच कामाच्या नाही.

तिचं घर वेशीबाहेरच्या एका लहान गावात होतं. घरी आई होती. "माझी लेक कचेरीत असते," हे आईने सगळ्या आळीला सांगून झालं होतं. हातात नारळ घेऊन त्या आळीतून कसं जायचं? वाटेत एक जुनं करंजाचं झाड होतं. मुलीने नारळ त्याच्या ढोलीत लपवला आणि रोजच्यासारखी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती रोजच्यासारखी तयार झाली. आईने भाकरी बांधून दिली. मुलगी निघाली आणि करंजाखाली येऊन बसली. संध्याकाळी रोजच्यासारखी परतली. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. रस्त्याने माणसं राजधानीकडे जायची, तोंड पाडून परत यायची. ती त्यांच्याकडे बघायची नाही. पुन्हा कुणासाठी एक अक्षर बोलायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

एके दुपारी काठीचा आवाज आला.

"अगं बाई, तू इथे होय! आणि मी खिडकीशी जाऊन आले. तिथे एक बाप्या घोरत होता."

ती शेळ्यांची आजी होती. तिच्या काखेत फडक्यात गुंडाळलेलं गाडगं होतं.

"मला काढलं, आजी."

"काढलं? का?"

"कामाची नसेन."

"कोण म्हणतं?" आजीने काठी आपटली. "त्याला माझ्या दारात आण. माझ्या शेळ्या कुणामुळे बांधल्यात तिथे, ते मी दाखवते त्याला!"

मुलीच्या मनात साचलेलं एकदम बाहेर आलं. "मग त्यानंतर एकदा तरी आलात का खिडकीशी? येऊन सांगितलंत का, की शेळ्या मिळाल्या?"

काठी बाजूला ठेवून आजी मुलीशेजारी मातीत बसली.

"नाही आले," ती म्हणाली. "खरं आहे तुझं. अडलं की माणूस खिडकीकडे धावतो. सुटलं की घराकडे. तू बसलीस नुसती रडकी तोंडं बघत. त्यातली हसायला लागली ती तुझ्यापर्यंत आलीच नाहीत." तिने गाडग्याचं फडकं सोडलं. "शेळी व्याली. खरवस केलाय. तुझ्यासाठीच खिडकीपर्यंत गेले होते. उशीर झाला, पण आले ना? तुझ्यामुळे माझं घर परत घरासारखं झालं, बाय. घे, खा."

मुलीने खरवसाचा घास घेतला. हाच शब्द तिला हवा होता, आणि तो इतका वेळ खालच्या वाडीत, एका पुन्हा उभ्या राहिलेल्या भिंतीपलीकडे, तिची वाट बघत बसला होता.

तेवढ्यात राजधानीकडून एक कुंभार आला. "उद्या या म्हणाले," तो वैतागून म्हणाला. "कालही उद्याच म्हणाले होते. माझ्या चाकाचं काय झालं, माहितीये का आजी? आमचे बाबा होते ना, त्यांनी एकदा..."

मुलीने तोंड दुसरीकडे फिरवलं. कुंभार बोलत राहिला. बाबा, चाक, भट्टी, भावजय, माती. मुलीचे कान काही तिने ठरवल्याप्रमाणे वागेनात.

"थांबा," ती शेवटी म्हणाली. "तुमचं भांडण चाकावरून आहे, की भाऊ तुम्हाला खाणीची माती उचलू देत नाही यावरून?"

कुंभाराचं तोंड उघडंच राहिलं. "मातीवरूनच की! चाक माझंच आहे."

"मग आत गेल्यावर चाकाचं नावसुद्धा काढू नका. एवढंच म्हणा, 'बापाची खाण दोघांची, आणि भाऊ एकटाच माती नेतो.' बस."

कुंभार ते पुटपुटत पुन्हा राजधानीकडे निघाला. आजीने मागून ओरडून सांगितलं, "काम झालं तर इथे येऊन सांगून जायचं! तसाच घरी गेलास, तर मी तुझ्या भट्टीशी येऊन बसेन!"

कुंभार संध्याकाळच्या आत परत आला. लांबूनच "झालं, काम झालं!" असं ओरडत आला.

त्या दिवशी मुलीने घरी जाऊन आईला सगळं सांगून टाकलं. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"मला माहीत होतं."

"कसं?"

"कचेरीतून यायचीस तेव्हा तुझा घसा बसलेला असायचा. इतके दिवस झाले, आवाज कसा खणखणीत आहे."

"मग रोज भाकरी का बांधून देत होतीस?"

"झाडाखाली बसलेल्या माणसाला भूक लागत नाही होय?"

मुलगी आईजवळ जाऊन बसली. आजवर इतक्या भाकऱ्या खाल्ल्या, पण आपण आईला एकदाही काही म्हणालो नाही, हे तिच्या लक्षात आलं. मग ती म्हणाली. काय म्हणाली, ते त्या दोघींपुरतं राहू द्या. पण त्या संध्याकाळी आईची एक भाकरी तव्यावर करपली.

तेव्हापासून मुलगी उघडपणे करंजाखाली बसू लागली. लोक यायचे, गुंता सोडवून घ्यायचे आणि कचेरीत जाऊन एका वाक्यात सांगायचे. काम झालं, की परत येऊन तसं सांगायचे, कारण आजीच्या काठीचा धाक होता. कुणी नाचणी आणायचं, कुणी अंडी, कुणी नुसतं हसू. मायलेकींचं भागत होतं.

एक दिवस रांगेत एक म्हातारा उभा होता. डोक्यावर पगडी नव्हती, म्हणून त्याला कुणी ओळखलं नाही. त्याची पाळी आली, तेव्हा मुलीने आधी त्याच्या हाताकडे पाहिलं. हातात नारळ होता. मग तिने वर पाहिलं. जाड, पांढऱ्या भुवया.

राजाने आरसेमहालापुढे कारंजं बांधायला घेतलं होतं, आणि उरलेली कचेरी पुन्हा निम्मी केली होती.

मुलीच्या डोक्यात जाळ उठला. पण रांगेतल्या माणसाला उभं ठेवायची तिला सवय नव्हती.

"बसा," ती म्हणाली. "बोला."

थोरले बसले. "मी पहिल्यांदा कचेरीत आलो, तेव्हा या शहराला तटही नव्हता. राजाचे आजोबा गादीवर होते. त्यांचा एक पांढरा घोडा होता. तेव्हा कचेरीचं छप्परही गवताचं होतं, आणि मी लहान होतो, तर माझे थोरले मला म्हणाले..."

ते बोलत राहिले. घोडा, छप्पर, तट, एका वर्षीचा पूर, कधीतरी हरवलेली दऊत. मागे कुणीतरी खुसखुसलं. मुलीने हात वर केला.

"पुन्हा सांगा. निम्म्यात सांगा."

थोरल्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

"जन्मभर काम केलं," ते म्हणाले. "जाताना कुणी काही बोललं नाही."

आणि त्या भुवया, कधी न हललेल्या, थरथरल्या.

"मलाही नाही," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी विचारलं होतं तुम्हाला. मीच का, असं विचारलं होतं. तुम्ही 'पुढचं' म्हणालात! जांभईदादाला ठेवलंत आणि मला काढलंत!"

"त्याला बाहेर कुणी उभं केलं नसतं," थोरले हळूच म्हणाले. "तू कुठेही उभी राहिली असतीस. कचेरीत तशी तू एकटीच होतीस. म्हणून तुझं नाव आधी घेतलं."

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"वाटलं, तुला कळेल."

"कसं कळेल? नारळावर लिहिलं होतं का?"

आजी फिस्सकन हसली. थोरले हसले नाहीत. हातातल्या नारळाकडे बघत राहिले. त्यावरही काही लिहिलेलं नव्हतं. राजाच्या मनात काय होतं, ते त्यांनाही कळलं नव्हतं.

मुलीचा राग तिथेच ओसरला नाही. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते खरं होतं. गुंत्याखालचं खरं शोधणं हेच तर तिचं काम.

"थोरले," ती म्हणाली, "तुमच्या त्या 'निम्म्यात सांग'चा मला फार संताप यायचा. वाटायचं, यांना माणसाचं दुःखही अर्धंच हवंय. पण मी निम्मं करायला शिकले, म्हणून मला दुःखाचा गाभा कुठे असतो ते समजायला लागलं. आज या झाडाखाली माझ्याकडे जे आहे, ते तुम्ही दिलेलं आहे. हे कुणी तुम्हाला सांगितलं नसेल, तर मी सांगते. मी तुमची ऋणी आहे."

थोरल्यांनी उपरण्याने डोळे पुसले. बराच वेळ पुसले.

"आता तुम्ही," मुलगी म्हणाली.

"आता मी काय? तुला तर माहीतच आहे, की..."

"नाही. मला काही माहीत नाही. तोंडाने बोला."

थोरल्यांनी घसा खाकरला. जन्मात न केलेलं काम करताना माणूस जसा अडखळतो, तसे ते अडखळले. "तुझं काम... ठीक..."

"ठीक? मी ठीक काम करत होते?"

"नाही, नाही." थोरल्यांनी हात जोडल्यासारखे केले. मग मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "तू खिडकीत बसण्याआधी मला बाहेरचा नुसता गलका ऐकू यायचा. तू आलीस आणि मला माणसं ऐकू यायला लागली."

मुलीचा घसा बसला. पण या वेळी तो बोलून बोलून बसला नव्हता.

मग तिने ढोलीतून आपला नारळ काढला. थोरल्यांच्या हातातला त्यांचा नारळ घेतला. दोन्ही समोरच्या दगडावर फोडले आणि रांगेतल्या सगळ्यांना खोबरं वाटलं. आजीने सर्वांत मोठा तुकडा आधीच उचलला होता.

थोरले दुसऱ्या दिवसापासून तिच्याशेजारी बसू लागले. पुढे जांभईदादाही एकदा आला आणि "इथे दुपारची सावली बरी असते ना?" असं विचारून गेला. आरसेमहालात राजा एकटाच फिरत राहिला. आरशांना पुष्कळ दिसायचं, पण बोलता एकालाही येत नव्हतं.

आणि करंजाखाली नवा रिवाज पडला. काम झालेल्या माणसाने परत येऊन सांगायचं, आणि संध्याकाळी उठताना एकमेकांना, आज तुझ्यामुळे काय झालं, हे सांगितल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. पहिल्यांदा थोरल्यांना ते जड गेलं. मग त्यांना इतकी सवय झाली, की मुलीला म्हणावं लागायचं, "थोरले, निम्म्यात सांगा!"

या गोष्टीचं तात्पर्यही निम्म्यातच सांगते: ज्याच्यामुळे आपलं भलं झालं, त्याचे आभार मनात ठेवू नका, त्याला ऐकू येतील असे माना.